सुक्या खोबऱ्याची चटणी आणि एक बंद केलेला प्रश्न

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर माझे तीन हजार गुण झाले आणि मला प्रश्न बंद करायचं मत मिळालं. ऐरोलीच्या ऑफिसात हे कुणाला सांगून उपयोग नव्हता, तिथे सगळेच तिथून कोड उचलतात आणि गप्प बसतात. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे लोकांनी विचारायचं आणि तू दार लावायचं?" थोडक्यात तेच. फक्त दार एकट्याला लावता येत नाही.

२००८ साली जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ही साइट काढली. प्रोग्रॅमिंगचे प्रश्न, त्यांची उत्तरं, बाकी गप्पांना जागा नाही. उत्तर आवडलं की लोक मत देतात, एका मताचे दहा गुण. विचारणाऱ्यानं उत्तर स्वीकारलं की पंधरा. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात. पन्नासला दुसऱ्याच्या प्रश्नाखाली टिप्पणी करता येते, सव्वाशेला विरोधी मत देता येतं, दोन हजारांना कुणाचाही मजकूर परवानगीशिवाय दुरुस्त करता येतो आणि तीन हजारांना बंद करण्याचं किंवा पुन्हा उघडण्याचं मत येतं. म्हणजे साफसफाईचं जवळजवळ सगळं काम बिनपगारी माणसं करतात. निवडून आलेले मॉडरेटरसुद्धा बिनपगारीच. प्रश्न बंद करायला पूर्वी पाच मतं लागायची, २०१९ मध्ये ती तीन झाली.

बंद म्हणजे काय, याबद्दल बाहेर फार गैरसमज आहे. बंद प्रश्न पुसला जात नाही. तो दिसतो, त्याखाली बोलता येतं, विचारणाऱ्याला तो सुधारता येतो. नवीन उत्तर तेवढं देता येत नाही. प्रश्न नीट होईपर्यंत अंदाजपंचे उत्तरांचा ढीग त्याखाली साचू नये, एवढाच हेतू. हां, बंद होऊन नऊ दिवस उलटले, प्रश्नाला कुणाची पसंती नाही, उत्तर नाही, सुधारणा नाही, तर यंत्रणा तो आपोआप काढून टाकते. पण डुप्लिकेट म्हणून, म्हणजे हाच प्रश्न आधी विचारून झालाय म्हणून, बंद केलेल्यांना हा नियम लागत नाही. ते मुद्दाम ठेवतात, कारण एकच अडचण दहा माणसं दहा शब्दांत शोधतात.

संध्याकाळी जेवणं झाली की मी रांग उघडतो. रिव्ह्यूची रांग म्हणजे एकामागून एक प्रश्न समोर येतात, प्रत्येकावर आधी कुणीतरी बंद करायचं सुचवलेलं असतं आणि आपण कौल द्यायचा. बहुतेकांवर विचार करावाच लागत नाही. 'माझा कोड चालत नाही' आणि खाली स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो. कॉलेजची असाइनमेंट जशीच्या तशी, प्रश्न क्रमांकासकट. एकात चार प्रश्न. 'पायथन शिकू की जावा?' 'सगळ्यात चांगली लायब्ररी कोणती?' किंवा स्वल्पविराम राहिलाय आणि माणूस रात्रभर जागलाय. याला कारणांची ठरलेली यादी आहे: तपशील अपुरे, फोकस नाही, मतांवर अवलंबून, शिफारस मागितली, चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही वगैरे. मधूनच यंत्रणा एखादा जुना, निकाल ठाऊक असलेला प्रश्न गुपचूप पुढे सरकवते आणि तुम्ही डोळे मिटून बटण दाबताय का ते बघते. वारंवार चुकलात तर काही दिवस रांग बंद. मला ही युक्ती मनापासून आवडते. दहावीचे पेपर तपासणाऱ्यांनाही लावायला हरकत नाही.

आणि एक बटण असतं 'स्किप'. त्याची कदर कुणी करत नाही. जे कळत नाही ते सोडून द्यायची मुभा असताना लोक कौल का देतात, हे मला अजून समजलेलं नाही.

हे सगळं मी खुर्चीच्या या बाजूनं बघत होतो. दुसरी बाजू दाखवली भाचीनं.

ताई-दाजींचं घंटाळीजवळ लोणची, मसाले, पिठं आणि फराळाचं दुकान आहे. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दाजींना बिलं मराठीत हवी होती, 'गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे' म्हणून, आणि पोरीनं हौसेनं पायथनमध्ये बिलाचं छोटंसं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. प्रिंटर तो नेहमीचा, ५८ मिलिमीटर रोलचा थर्मल. वस्तू, वजन, भाव, रक्कम, सगळं त्या अरुंद पट्टीवर बसवायचं. वस्तूच्या नावाला तिनं बारा अक्षरांची जागा दिली. 'मेतकूट' बसलं, 'भाजणी' बसली. 'सुक्या खोबऱ्याची चटणी' मात्र 'सुक्या खोबऱ्' अशी छापून आली, शेवटी पाय मोडलेला ऱ् लोंबकळत.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. रविवारी दुपारी तिचा मेसेज आला: "मामा, बंद केला रे त्यांनी माझा प्रश्न. चहा होईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत."

संध्याकाळी गेलो तर लॅपटॉप उघडाच होता. मी आधी काहीच बोललो नाही, नुसतं वाचलं. रांगेत अनोळखी प्रश्न जसा वाचतो तसाच. शीर्षक होतं, 'पायथनमध्ये मराठी मजकूर कसा कापायचा, अर्जंट'. खाली नमस्कार, मी विद्यार्थिनी आहे, वडिलांचं दुकान आहे, सोमवारपासून बिलं सुरू करायची आहेत. मग बिलाचा फोटो. मग कोडची एक ओळ. शेवटी प्लीज हेल्प, आगाऊ धन्यवाद. आणि वर पट्टी: या प्रश्नाचं उत्तर इथे आधीच आहे. खाली जुन्या प्रश्नाची लिंक.

बंद करणारा एकटाच होता. ज्यानं एखाद्या विषयात दोनशे उत्तरं देऊन त्यांवर हजार मतं कमावली त्याला त्या विषयाचा सोनेरी बिल्ला मिळतो, आणि असा माणूस डुप्लिकेट प्रश्न एकट्याच्या मतावर बंद करू शकतो किंवा उघडू शकतो. आतले लोक याला हातोडा म्हणतात. नाव ऐकूनच भाचीचं डोकं फिरलं.

"हातोडा? माझ्या प्रश्नावर?"

"अगं, जुना प्रश्न उघडलास का?"

"उघडला. ते मी आधीच करून बघितलं होतं! नाही चालत ते."

"मग हे लिहिलंस कुठे?"

ती स्क्रीनकडे बघत बसली. "मला वाटलं, त्यांना कळेल."

इथेच सगळं आहे. ज्यानं बंद केलं त्याच्यापुढे भाची नव्हती, दाजी नव्हते, दुकान नव्हतं. त्याच्यापुढे एक शीर्षक, एक ओळ कोड आणि एक फोटो होता. एवढ्यावर मीही तेच केलं असतं. ठाणे स्टेशनात एका खिडकीवर 'शेजारच्या खिडकीवर जा' अशी पाटी असते, तसं डुप्लिकेटचं आहे. पाटी लावणाऱ्याला तुमचा राग आलेला नसतो, फक्त शेजारच्या खिडकीत तुमचं तिकीट मिळतं की नाही हे त्यानं तपासलेलं नसतं.

आता तिकीट का मिळत नव्हतं ते बघू, कारण मला स्वतःला यातलं हे सगळ्यात मजेदार वाटलं. आपल्याला 'ऱ्या' हे एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते चार आहेत: ऱ, हलन्त, य आणि काना. 'सुक्या खोबऱ्याची' यातले पहिले बारा घटक मोजलेत तर सुरी बरोबर हलन्तावर येते. जुन्या प्रश्नातला सल्ला होता की घटक मोजू नका, वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं तसे गट मोजा, रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेत, त्यासाठी बॅकस्लॅश आणि मोठा एक्स अशी खूण आहे. सल्ला चांगलाच आहे. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फ्रेंच अक्षरांवरच्या मात्रा आणि इमोजी होते. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्या कॉम्प्युटरवर कशा मांडायच्या याचं मानक. त्याच्या जुन्या नियमात हलन्त आधीच्या अक्षराला चिकटायचा आणि जोडाक्षर तिथेच तुटायचं. 'ऱ्' एक गट, 'या' दुसरा. म्हणजे तो सल्ला तंतोतंत पाळूनही बिलावर ऱ् लोंबकळू शकतोच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांची जोडाक्षरं एकत्र ठेवायचा नियम घातला गेला. पण नियम कागदावर येणं वेगळं आणि तुमच्या मशिनवरच्या लायब्ररीत, म्हणजे आपण वापरतो त्या तयार कोडमध्ये, उतरणं वेगळं. भाचीची लायब्ररी जुन्या नियमानं चालत होती.

प्रश्न खरंच वेगळा होता. तो वेगळा आहे हे प्रश्नात कुठेच नव्हतं.

"मामा, तुझ्याकडे मत आहे ना उघडायचं? दे ना मग."

"नाही देणार."

"का?"

"तू माझी भाची आहेस म्हणून."

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं काय त्यात, पोरीचं काम होतंय." ताईला समजावणं कठीण. एका घरातल्या, एका ऑफिसातल्या लोकांनी एकमेकांना मतं द्यायची ही तिथली सगळ्यात जुनी लबाडी आहे. एकाच माणसाला ओळीनं मतं पडत गेली तर यंत्रणा ती पकडून उलटवते, गुण परत घेते. माझं एक मत पकडलं गेलं नसतं, हेही खरं. पण बाहेरच्या तिघांना जो प्रश्न वाचून उघडावासा वाटत नाही, तो मामानं उघडून काय होणार? उत्तर मीच तर देणार नव्हतो. मला येतही नव्हतं.

तिचा गुण एक. इतक्या गुणांवर दुसरीकडे टिप्पणी करता येत नाही, पण आपल्या प्रश्नाखाली करता येते आणि आपला प्रश्न सुधारता येतो. हातात तेवढंच होतं, आणि तेवढं पुरतं. बहुतेक लोक इथे एक गोष्ट करतात: तोच प्रश्न नव्यानं टाकतात. तो पुन्हा बंद होतो, खाली विरोधी मतं पडतात आणि पुढे प्रश्न विचारण्यावरच बंदी येऊ शकते. मैत्रिणींनी तिला हाच सल्ला दिला होता.

दुरुस्तीला बसलो. म्हणजे ती बसली, मी शेजारी पोहे खात होतो. मी ठरवलं होतं की वाक्य सुचवायचं नाही, फक्त विचारायचं. फोटो कशाला? फोटोतला मजकूर कॉपी करता येत नाही, सर्चमध्ये सापडत नाही, तो काढ. अर्जंट कुणासाठी? तुझ्यासाठी. काढ. दुकान? इथे ती अडली, आणि बरोबर अडली. प्रिंटरची पट्टी अरुंद आहे हे सांगायलाच हवं, नाहीतर नाव कापायचंच कशाला असं कुणीही विचारेल. सोमवार मात्र गेला.

मग कोड. दुकानाचं सगळं सॉफ्टवेअर डकवायचं नाही आणि एकच ओळही नाही. दुसऱ्या कुणी आपल्या मशिनवर चालवली तर हीच चूक दिसेल एवढ्याच ओळी. हे करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिच्या कोडमध्ये डेटाबेस, प्रिंटर, फॉण्ट सगळं गुंतलेलं. एकेक धागा सोडवत चार-पाच ओळी उरल्या: एक शब्द, त्याचे गट पाडणं, छापणं. खाली लिहिलं की मला 'ऱ्या' अखंड हवंय, मिळतंय 'ऱ्' आणि 'या'. पायथनची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती. आणि सर्वांत महत्त्वाचं वाक्य: अमुक जुना प्रश्न मी वाचला आहे, त्यातलं उत्तर वापरूनच हा निकाल येतोय, कारण ते जोडाक्षर तोडतं. शीर्षकात मराठी मजकूर कसा कापायचा हे गेलं आणि देवनागरी जोडाक्षर गटवारीत तुटतं हे आलं.

इंग्रजी तिचं साधंच आहे, मीही त्याला हात लावला नाही. स्टॅक ओव्हरफ्लो पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानीत आहे, मराठीत नाही. पण साध्या इंग्रजीमुळे प्रश्न अडलेले मी फारसे पाहिले नाहीत. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, एवढं असलं की लोक व्याकरण स्वतःच दुरुस्त करून देतात.

सुधारणा पाठवताना तिनं ती आक्षेप दूर करणारी आहे असं नोंदवलं, म्हणजे प्रश्न उघडण्याच्या रांगेत जातो. शिवाय बंद करणाऱ्याला उद्देशून खाली टिप्पणी लिहिली. पहिला मसुदा मी पाहिला, त्यात 'तुम्ही नीट वाचलं नाही' होतं. मी भुवया उंचावल्या, तिनं ते खोडलं.

मग वाट बघणं. रात्री रांगेत एकानं 'बंदच ठेवा' असा कौल दिला आणि मला फोन आला. "मामा, आता?" आता काही नाही. तिघांचा तसाच कौल पडला तर ती फेरी संपते, तोवर दुसरे आहेत. मी तिला सांगितलं की त्या कौल देणाऱ्यानं बहुधा देवनागरी कधी पाहिलेली नाही, त्याच्या दृष्टीनं 'ऱ्या' आणि 'ऱ्' ही दोन सारखीच नक्षी आहे. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. यापायीच मी म्हणतो की कन्नड, तमीळ, मराठी वाचणाऱ्यांनी या रांगांमध्ये बसायला हवं. कोड वाचणारे पुष्कळ आहेत, बिघडलेली वेलांटी ओळखणारे नाहीत.

मधल्या काळात तिनं चॅटजीपीटीलाही विचारलं. त्यानं अत्यंत अदबीनं जुन्याच प्रश्नातलं जुनं उत्तर दिलं, लायब्ररीच्या आवृत्तीचा विषयही न काढता. "पण निदान बंद तरी नाही केलं त्यानं," ती म्हणाली. हा टोला मला लागला, कारण तो खरा आहे. नवखा माणूस प्रथम दारात येतो आणि त्याला सगळ्यात आधी पट्टी दिसते. यंत्रानं लिहिलेली उत्तरं साइटवर टाकायला डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे, आणि ती कशी राबवायची यावरून २०२३ च्या जूनमध्ये मॉडरेटर मंडळींनी संपही केला. बिनपगारी माणसांचा संप! ऑगस्टपर्यंत चालला. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग त्या दोन महिन्यांत टाकायला हवा होता प्रश्न."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडत होतो तेव्हा प्रश्न उघडला. ज्यानं हातोडा मारला होता त्यानंच. टिप्पणीत लिहिलं होतं की फरक आता स्पष्ट आहे, आणि जुनी लिंक संबंधित म्हणून खाली ठेवली होती. माफी वगैरे काही नाही. मागायचं कारणही नव्हतं.

उघडल्यावर पहिलं उत्तर आलं नाही, पहिला उलट प्रश्न आला. कुणीतरी विचारलं, अक्षरं मोजताय कशाला? नाव प्रिंटरला मजकूर म्हणून पाठवताय की चित्र म्हणून? भाची चिडली, "आता हा नवीन कोण?" पण प्रश्न वर्मी होता. तिच्या साध्या थर्मल प्रिंटरला देवनागरी जुळवता येत नाही, म्हणून नाव आधी फॉण्टनं चित्र करून काढलं जातं आणि मग छापलं जातं. चित्राची रुंदी बिंदूंत मोजतात, या प्रिंटरला पूर्ण ओळीत ३८४ बिंदू. 'मममम' आणि 'रररर' दोन्ही चारच अक्षरं, रुंदी मात्र कितीतरी वेगळी. बारा अक्षरं ही अटच निरर्थक होती. तिला अक्षरं मोजायची नव्हती, जागेत नाव बसवायचं होतं.

रात्री आलेलं उत्तर दोन्ही धरून होतं. १५.१ चा नियम पाळणारी गटवारी करा, मग एकेक गट जोडत चित्राची रुंदी मोजा आणि जागा संपायच्या आधीच्या गटावर थांबा. खाली नियम न पाळणाऱ्या लायब्ररीसाठी जोडाक्षर धरून ठेवणारा छोटा रेजेक्सही दिला होता. भाचीनं चालवून बघितलं आणि स्वीकारलं. 'सुक्या खोबऱ्याची' पूर्ण बसलं, वर जागा उरली.

पुढे त्याच वर्षी साइटनं स्टेजिंग ग्राउंड सुरू केलं. नवख्याचा प्रश्न सगळ्यांपुढे जाण्याआधी अनुभवी लोक तो वाचतात, काय कमी आहे ते सांगतात आणि मग तो बाहेर येतो. पोह्यांच्या बशीसकट मी जे केलं तेच, पण परक्यानं केलेलं. हे दहा वर्षं आधी यायला हवं होतं, असं माझं मत आहे. मी आता बंद करायच्या रांगेपेक्षा तिथेच जास्त बसतो. बंद करण्यात मजा नाही असं नाही, पण तिथे माणूस उलट बोलतो, 'हे करून बघितलंय' म्हणतो, आणि बोलण्यातून अर्धा प्रश्न सुटतो.

दाजींना हे सगळं प्रकरण कळलं ते बऱ्याच दिवसांनी, जेवताना. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली की एवढी परदेशातली माणसं खोबऱ्याच्या चटणीवर बसली होती. मग म्हणाले, "मी तर सोमवारीच यादीत 'खोबरं चटणी' करून टाकलं होतं. बिल व्यवस्थित येतंय."

भाचीनं ताटावरून मान वर केली नाही. प्रश्न अजून उघडा आहे, वर थोडी मतं आहेत, आणि एक विरोधी मत पहिल्या दिवसापासून तसंच आहे. ते कुणी दिलं हे ती मला अधूनमधून विचारते. मतं गुप्त असतात, मलाही दिसत नाहीत. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही.